चार सेकंद

बिडवे सरांचं स्टॉपवॉच
मिनिटाला चार सेकंद पुढं पळायचं.
हैदराबादेत जुन्या बाजारात घेतलेलं,
काचेला तडा, किल्ली ढिली.
दुरुस्त का करत नाही विचारलं तर म्हणायचे,
याची खोड मला माहीत आहे,
नव्याची कळेपर्यंत मी रिटायर होईन.

उदगीरला कॉलेज निघालं तेव्हा इमारत नव्हती.
आडत्याच्या गोदामात वर्ग, तुरीच्या पोत्यांचा वास,
आणि मागं काळं रान.
मे महिन्यात त्याला अशा भेगा पडत
की चेंडू एकदा गेला तो गेलाच.
सर बैलगाडीनं मुरूम आणायचे,
धोतराचा काचा मारून स्वतः घमेलं उचलायचे,
आणि अर्ध्या तासानं त्याच हातांनी
फळ्यावर भूमिती.

त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून.
कोनाला जाविया, त्रिकोणाला मुसल्लस,
आणि व्यासाला कुत्र.
‘वर्तुळाचा कुत्र काढा’ म्हटलं की
मागच्या बाकावरून कुणीतरी भुंकायचं.
सर थांबायचे, मिशीत हसू दाबून म्हणायचे,
‘आता भुंकणाऱ्यानं त्रिज्या सांगावी.’
रात्री कंदिलाशी बसून
ते मराठी शब्द पाठ करायचे, मन्मथ बिडवे, एम. ए.,
हे कलावतीबाईंनी सांगितलं, फार नंतर.

मला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते मोंढ्यात.
सुटलेल्या गोऱ्ह्यामागं मी धावत होते,
हातात वडलांचा डबा, वरणाचा थेंब न सांडता.
संध्याकाळी घरी आले.
वडील मुनीम. वहीतून मान वर न करता म्हणाले,
मुलीची जात, उद्या लोक काय म्हणतील.
सर म्हणाले, ‘मुनीमजी, पोरगी पळते.
पळून जात नाही.’
वडलांनी वही मिटली.
आतून कपबशा वाजल्या.

खो-खोचा खांब त्यांनी एरंडेल चोळून चोळून
आरशासारखा केला होता.
वळताना झुक, म्हणायचे, अजून झुक,
पडायच्या एक बोट अलीकडं जो जाविया असतो
तिथं खेळाडू राहतो.
मी पुष्कळदा त्या बोटाच्या पलीकडं गेले.
कोपरावर खुणा आहेत.

सगळंच चांगलं नव्हतं.
नांदेडच्या सामन्यांना ज्यांच्याकडं पंगत होती
त्यांनी ग्यानोबाचं ताट ओट्याखाली मांडलं.
अंगठा रेघेवर पडला तरी वाजणारी शिट्टी
गळ्यात होती.
वाजली नाही.
सर जेवले. आम्हीही जेवलो. भात गरम होता.
ग्यानोबा दुसऱ्या दिवशी अख्खा डाव नाबाद पळाला
आणि नंतर कधी मैदानावर आला नाही.

पुढच्या वर्षीपासून सर स्टोव्ह बरोबर घ्यायचे.
धर्मशाळेच्या पडवीत स्वतः पिठलं ढवळायचे,
सगळी ताटं एका रेघेत, फक्कीनं आखल्यासारखी.
पण दवाखान्यात, नाकात नळी असताना,
मला म्हणाले, ‘हौसा, ती एक पंगत
कशातून वजा करायची, सांग.’
मी पदवीधर, गणितात पहिला वर्ग.
उशी सारखी केली त्यांची. दुसरं काय करणार.

आता मी त्र्याहत्तरची, दोन्ही गुडघे नवे.
मैदानावर पार्किंग आहे.
नातीला घेऊन गेले तर वॉचमननं विचारलं,
मावशी, कुणाची गाडी?
सिमेंट संपतं त्या कडेला
जमीन अजून भेगाळते.

घड्याळ माझ्याकडं असतं हल्ली.
किल्ली दिली, बोट वर केलं,
पोरगी मोटारींच्या रांगेतून सुसाट गेली, आली,
धापा टाकत म्हणाली, किती?
अठ्ठावीस.
तिनं काचेवर वाकून पाहिलं.
‘काटा तर तीसवर आहे, आजी.’
असू दे.
त्याची खोड मला माहीत आहे.